चिमाआत्याची गाठीची गोधडी

फार फार वर्षांपूर्वीची, सूर्य आजारी पडला होता त्या काळातली ही गोष्ट.

सूर्य आजारी कसा पडला यावर आजही एकमत नाही. कुणी म्हणतं, समुद्रापलीकडे एक डोंगर फुटला आणि त्याची राख आभाळात जाऊन बसली. कुणी म्हणतं, वरून मोठा धोंडा पडला. आमच्या खडकमाळात मात्र पुष्कळ जण अजून शपथेवर सांगतात की त्या वर्षी जत्रेत भोंग्याचा आवाज फार मोठा ठेवला होता, त्यानेच वर काहीतरी हललं. ते काहीही असो. राख आली आणि ती गेली नाही. काजळी धरलेल्या कंदिलाच्या काचेतून दिसावा तसा दिवस दिसू लागला. उभी पिकं पिवळी पडून आडवी झाली. हंड्यातलं पाणी गोठायचं आणि सकाळी ते बत्त्याने फोडून प्यायचं. वीज गेली, फोन मेले. काही दिवस लोकांनी त्या मेलेल्या फोनचा आरसा म्हणून उपयोग केला, पण पुढे आरशात बघण्यासारखं तोंड कुणाचं राहिलं नाही, म्हणून तेही फेकून दिले.

अशी किती वर्षं गेली? आमच्या गावात यावर इतकी भांडणं झाली आहेत की मी आकडा सांगत नाही. पुष्कळ वर्षं गेली असं धरा.

लोक जगले ते काय खाऊन, तर डोंगरातले कंद, गोठ्याच्या अंधारात उगवणारी अळंबी आणि शेळ्यांचं चमचाभर दूध. मोठमोठी शहरं ओस पडली आणि खडकमाळ टिकलं. शहाणपणाने टिकलं असं कुणी म्हणेल तर विश्वास ठेवू नका. ते टिकलं एका बाईच्या तोंडामुळे.

त्या बाईचं नाव चिमाआत्या. ती कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, म्हणून सगळ्यांचीच आत्या होती. ती गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, धोतरं, विटलेले सदरे घेऊन ती घरोघर बसायची आणि हाताने टाके घालता घालता तोंडाने गाव उसवायची. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या चुलीवर काय शिजलं, हे त्या घरच्या माणसांच्या आधी आत्याला कळायचं आणि आत्याच्या मागोमाग गावाला. त्यात खरं किती आणि खोटं किती ते विचारायचं नाही. खरं आणि खोटं ती एकाच सुईत ओवायची.

आणि गाव तरी कसं, तर तिला शोभेल असंच. गुपित ठेवणं आमच्या खडकमाळच्या रक्तात नाही. पहिल्या घरात दूध उतू गेलं तर शेवटच्या घरात 'किती गेलं?' म्हणून चौकशी सुरू होते. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते अशा गावात झालं.

पहिल्याच हिवाळ्यात गावाने एक ठराव केला. प्रत्येकाच्या घरात ज्वारीचं जे काही बी उरलं होतं ते गोळा करून भैरोबाच्या देवळातल्या मोठ्या रांजणात भरलं, वर झाकण ठेवून मातीने लिंपलं आणि सगळ्यांनी भंडारा उचलून शपथ घेतली. आभाळ उघडेल त्या दिवशी हे बी पेरायचं. तोवर जो हात लावील त्याला भैरोबा बघून घेईल. बी गेलं तर आभाळ उघडूनही उपयोग नव्हता, हे लहान पोरांनासुद्धा कळत होतं. मोकळ्या आभाळाखाली उपाशी मरायचं, एवढाच काय तो फरक.

पुढे रांजणावर पहारा बसवायचं ठरलं. तो कोण करणार? चिमाआत्या. यात गावाचा दुहेरी फायदा होता. एक म्हणजे तिला झोप कमी, आणि दुसरं म्हणजे ती देवळात बसली की घरोघर फिरणार नाही. असं म्हणतात की पहारा करताना ती एकटीच इतकं बोलायची की देवळातले उंदीर कंटाळून दुसरीकडे राहायला गेले.

एके दिवशी आत्याने सहज लिंपण काढून रांजणात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला तरी बी लागेना. अर्ध्याच्या खाली गेलेलं. ती पहाऱ्यावर बसण्याआधीच कुणी ना कुणी येऊन गेलं होतं आणि लिंपण परत बेमालूम लावून ठेवलं होतं. चोर असा कुणी एक नव्हता. रांजण सगळ्यांचा होता, म्हणून प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एक मूठ घेतली तर काय बिघडतं.

असं म्हणतात की आत्या आधी पुष्कळ रडली आणि मग भैरोबावर ओरडली. "तू बघून घेनार व्हतास न्हवं? मग काय बघितलंस? बघत बसलास व्हय?" तेव्हा आत्या पाय पसरून बसली आणि तिने सुईत दोरा ओवला.

पुढचे कितीतरी दिवस ती देवळातच गोधड्या शिवत होती. थंडी तर मरणाची, गोधडी सगळ्यांनाच हवी होती. ती प्रत्येक घरची जुनी गोधडी मागवून घ्यायची आणि दुरुस्त करून परत द्यायची. पण परत देताना ती ज्याच्या त्याच्या घरी स्वतः जायची, दार लोटून घ्यायची आणि घरच्या मालकिणीला नाहीतर मालकाला जवळ बसवून कानात सांगायची, "रांजणात आता नुसता मुरूम हाय. समदं बी या गोधडीत शिवलंय. गावात फकस्त तुला म्हून सांगते."

ऐकणारा आधी दचकायचा. मग विचारायचा, "आत्या, पन मलाच का?"

"मग दुसऱ्या कुनाला सांगू? बाकीच्यांचा काय भरवसा?"

हे मात्र प्रत्येकाला पटायचं. बाकीच्यांचा भरवसा नाही हे खडकमाळातल्या प्रत्येक माणसाचं लहानपणापासूनचं मत होतं, फक्त ते इतक्या मोठ्या विश्वासाने आपल्याला कुणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. गावाचं सगळं बी एका गोधडीत मावेल कसं, असाही प्रश्न कुणाला पडला नाही. मान मिळाला की माणसाला असले प्रश्न सुचत नाहीत.

आणि मग खडकमाळात चमत्कार झाला. गुपित टिकलं. एका घरात नाही, सगळ्या घरांत. ज्यांना सर्दी झाली तरी गावाला कळायचं, ते लोक तोंडाला शिवण घातल्यासारखे गप्प राहिले. कारण आपण बोललो तर गाव बुडेल, असं ज्याला त्याला वाटत होतं. रांजणातून मूठभर बी खाणारी हीच माणसं आता उपाशी पोटी गोधडी पांघरून झोपायची आणि एक दाणा काढायची नाहीत.

गावाची चालच बदलली. जो तो ताठ चालू लागला, जरासा दुःखी आणि जरासा मोठा होऊन. विस्तव मागितला तर कधी न देणारा आबा लोखंडे स्वतः होऊन शेजाऱ्यांच्या चुली पेटवून द्यायला लागला, कारण बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. यमुना आणि तिची जाऊ गजरा, या दोघी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या. आता दोघी एकमेकींकडे अशा दयेने बघायच्या की बघणाऱ्याला वाटावं, दोघींपैकी एक उद्या जाणार. आणि रांजणात काही नाही हे ठाऊक असूनही दुसऱ्यांना संशय यायला नको म्हणून जो तो येता जाता रांजणाच्या पाया पडायचा. देवाच्या मूर्तीसमोर एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

आता या गोष्टीत थोडं थांबावं लागतं.

गावात केरूनाना म्हणून एक म्हातारा होता. केरूनाना म्हणजे गावाचं हसू. तो कुणाच्या मयताला गेला तरी लोकांना पदर आणि उपरणी तोंडावर धरावी लागायची, आणि ती रडण्यासाठी नव्हे. आपली फजिती झाली तर तो सगळ्यांत आधी हसायचा. त्याची बायको हौसाकाकू. एका हिवाळ्यात कंद संपले, अळंबीही धरली नाही, आणि केरूनानाने अंथरूण धरलं. खोकला होता, पण खरं दुखणं भुकेचं होतं. अंगावर आत्याने दिलेली गोधडी होती.

चिमाआत्या त्याला बघायला गेली. ती जाताना रिकाम्या हाताने गेली नाही. तिने आपल्या स्वतःच्या गोधडीचा कोपरा उसवला, मूठभर दाणे काढले, त्यांची कांजी केली आणि तो कोपरा घाईघाईने परत टाचला. केरूनानाने एक घोट घेतला. ज्वारीची चव ओळखून, आत्याने आपल्यापुरती मूठ राखली असेल असं धरून तो हसला आणि म्हणाला, "लय झ्याक. आता ऱ्हायलेली पोरांना दे."

मग हौसाकाकूला जवळ बोलावून तो म्हणाला, "हौसे, मी गेल्यावर टाका उसवू नगंस. गावाचं हाय ते." आणि आत्याकडे बघून त्याने डोळा मारला. "ठेव सांबाळली बरं का, आत्या."

आत्याने बोलायला तोंड उघडलं. तुझ्या गोधडीत सगळं बी नाही रे, मूठ-दोन मुठीच आहे, तेवढं खाल्लंस तर गाव बुडत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळणार होतं आणि धावदोऱ्याचं एक टोक ओढलं की सगळी शिवण येते, तसं सगळ्या घरांचं होणार होतं. चिमाआत्याने उघडलेलं तोंड काही न बोलता मिटलं. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. केरूनाना त्याच थंडीत गेला आणि गावाने त्याला माळावरच्या त्याच्या शेतात पुरलं. त्यानंतर आत्या पूर्वीइतकीच बोलायची, पण तिला पूर्वीइतकी मजा वाटत नव्हती, असं म्हणतात. मला ते खरं वाटतं.

आता कोठाराबद्दल सांगतो. खाली नदीकाठी सिमेंटचं एक मोठं गोदाम होतं. काही दांडग्या लोकांनी बंदुका घेऊन ते बळकावलं होतं आणि त्याला ते कोठार म्हणत. त्यांची माणसं गावोगाव फिरून सांगायची की तुमचं बी आमच्याकडे जमा करा, आभाळ उघडलं की परत मिळेल. न देऊन चालायचं नाही. आणि ज्या गावाने दिलं, त्या गावातून पुढच्या थंडीत चुलीचा धूर निघताना कुणाला दिसला नाही.

एका दुपारी हे लोक खडकमाळात आले. चार बंदूकवाले आणि त्यांचा साहेब हंबीरराव. नाव ऐकून कुणीतरी धिप्पाड डोळ्यांपुढे येईल, तर तसं नव्हतं. एकावर एक तीन कोट घातलेला, काडीसारखा माणूस, नाक सदा वाहतं, आणि दात थंडीने इतके वाजायचे की त्याचा हुकूम आधी ऐकू यायचा आणि मग कळायचा. पण डोकं मात्र तल्लख.

त्याने गाव देवळासमोर गोळा केलं आणि रांजण फोडायला सांगितला. घाव बसला, रांजण फुटला आणि मुरूम खळाळून बाहेर आला.

मुरूम आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण हे फक्त आपल्यालाच माहीत आहे असंही प्रत्येकाला वाटत होतं. त्यामुळे दुसऱ्यांना संशय येऊ नये म्हणून प्रत्येकाने छाती पिटायला सुरुवात केली. आबा लोखंडे आडवा पडला. यमुना गजराच्या गळ्यात पडली आणि गजरा यमुनाच्या. कुणी भैरोबाला शिव्या दिल्या, कुणी मुरूम डोक्यावर घालून घेतला. एवढं नाटक आमच्या जत्रेतसुद्धा कधी झालं नाही.

हंबीरराव नाक पुसत बघत राहिला. मग म्हणाला, "पुरे करा. बी गेलेली गावं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती माणसं रडत नाहीत. ती नुसती भिंतीला टेकून बसतात. तुमच्याकडे बी आहे. ते मिळेपर्यंत मी इथून हलत नाही."

ऐकून छाती पिटणारे हात थांबले. ही भीती मात्र खरी होती.

झडती सुरू झाली. आणि झडतीवाल्यांना मदत करायला कोण पुढे झालं, तर चिमाआत्या. ती हंबीररावाला बाजूला घेऊन म्हणाली, "सायेब, तुमाला म्हून सांगते, कुनाला बोलू नगा. बी शेणाच्या उकिरड्यात पुरलंय." चारही बंदूकवाले दिवसभर उकिरडा उपसत होते. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सायेब, मी चुकले. पान्याच्या टाकीत हाय." टाकीतला बर्फ फोडता फोडता एकाची कुदळ मोडली आणि दुसऱ्याचा दात पडला. मग भैरोबाच्या पायाखाली, मग गोठ्याच्या आढ्यावर, मग आबा लोखंडेच्या धुराड्यात. धुराड्यातून उतरलेला बंदूकवाला पुढे कितीतरी दिवस कुणाला ओळखू येत नव्हता.

हंबीरराव कुडकुडत सगळं बघायचा. एके सकाळी आत्याने आपली गोधडी आणून त्याच्या खांद्यावर टाकली.

त्याने ती चाचपली. "यात हे टोचतंय काय?"

"गाठी हायत त्या. गाठीची गोधडी म्हंत्यात हिला. गाठ मारली की ऊब आत ऱ्हाती."

हंबीररावाला गोधडी आवडली. अंगाला गुंडाळून तो झडती घेत हिंडू लागला. असं म्हणतात की गावातलं बी शोधायला आलेला माणूस गावातलं बी पांघरून गावभर बी शोधत होता. आत्याने हे मुद्दाम केलं, असं गाव म्हणतं. माझं म्हणाल तर तिला त्याची दया आली असावी. थंडी वाजणारा माणूस दिसला की गोधडी टाकायची, ही तिची सवयच होती.

पण याच उबेने घात केला. हंबीररावाच्या मनात आलं की बी नाही तर नाही, अशा गोधड्या तरी कोठारात न्याव्यात. त्याने हुकूम काढला, घरटी एक गोधडी देवळासमोर आणून द्या.

गावावर आभाळ कोसळलं. आधीच कोसळलं होतं, ते आणखी कोसळलं. जो तो गोधडी छातीशी धरून आला आणि तिची नालस्ती करू लागला. "सायेब, हिच्यात ढेकनं हायत," आबा लोखंडे म्हणाला. "ही तर आमच्या सासूबाईंच्या अंगावर व्हती, त्या गेल्या," यमुना म्हणाली, आणि तिची सासूबाई मागच्या रांगेत उभी राहून मान डोलवत होती. गजराने सांगितलं, तिच्या गोधडीला खरूज आहे. गोधडीला खरूज कशी होते हे तिला विचारलं तेव्हा ती रडायला लागली.

हंबीररावाने नाक पुसलं आणि त्याचे दात वाजायचे थांबले. त्याला काहीतरी सुचत होतं. "एवढ्या थंडीत," तो सावकाश म्हणाला, "आपल्या गोधडीला एवढी नावं कुणी ठेवत नाही."

सगळ्यांत पुढे हौसाकाकू उभी होती. ती काहीच बोलली नव्हती. केरूनानाची गोधडी तिने दोन्ही हातांनी धरली होती. हंबीररावाने कमरेचा सुरा काढला आणि गोधडीचं टोक हातात घेतलं.

"थांबा सायेब," चिमाआत्या म्हणाली. आणि तिने गावासमोर, मोठ्याने, खरं सांगून टाकलं. "बी गोधड्यांत हाय. एका न्हाई, समद्यांच्या. परत्येक घरच्या गोधडीत मूठ-मूठ शिवलंय म्या. तुमच्या अंगावर हाय तिच्यात बी हाय."

गावाने ते ऐकलं. आबाने यमुनाकडे पाहिलं, यमुनाने गजराकडे, गजराने आबाकडे. प्रत्येकाच्या तोंडावर एकच वाक्य येऊन थांबलं होतं. 'म्हंजी तुला पन?' ते वाक्य त्या घडीला एका जरी तोंडातून बाहेर पडलं असतं, तर आज ही गोष्ट सांगायला मी नसतो आणि ऐकायला तुम्ही नसता. पण ज्या गावाने जन्मात कधी तोंड आवरलं नव्हतं, त्या गावाने ते आवरलं. एक माणूस बोलला नाही. असं म्हणतात की आबा लोखंडेने जीभ इतकी चावली की तो पुढे आयुष्यभर बोबडं बोलायचा.

हंबीरराव आधी गावाकडे आणि मग आपल्या अंगावरच्या गोधडीकडे बघत राहिला. मागे एक बंदूकवाला खुदकन हसला. हंबीररावाचे कान तांबडे झाले. इतके दिवस आपण बी पांघरून हिंडत होतो, असं मानायचं म्हणजे चार माणसांदेखत आपण गाढव ठरायचं. आणि गोधडी फाडून बघायची म्हणजे पुन्हा त्या थंडीत उघडं पडायचं.

"काल धुराड्यात होतं," तो म्हणाला, "परवा टाकीत होतं आणि आज माझ्या अंगावर आलं. म्हातारे, तू मला खुळा समजतेस? हे ढेकणांचं ओझं आम्ही घाटातून वाहून न्यावं आणि खरं बी तुमच्याकडे राहावं, असा तुमचा डाव आहे. गोधड्या सोडून बाकी कुठेही असेल ते बी."

आणखी एक झडती म्हणजे आणखी एक फजिती, हे त्याला कळून चुकलं होतं. त्याने सुरा म्यान केला, बंदूकवाल्यांना हाक मारली आणि तो चालू लागला. जाताना अंगावरची गोधडी मात्र त्याने काढली नाही.

ते पाच जण खिंडीपलीकडे दिसेनासे होईपर्यंत गाव गप्प होतं. आणि मग जे तोंड सुटलं ते विचारू नका. सगळे एकदम आत्याच्या अंगावर धावले. "मला म्हनालीस, फकस्त तुला!" "मला म्हनालीस, बाकीच्यांचा भरवसा न्हाई!" "म्या ह्या गजराची कीव करत बसले इतकी वर्सं!" माणसं चिडली होती आणि हसतही होती. आत्या मध्ये उभी राहून सगळ्यांच्या शिव्या खात होती आणि तिला खूप दिवसांनी बरं वाटत होतं.

तेवढ्यात हौसाकाकू पुढे आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. काकूच्या हातात गोधडी होती.

"आत्या, माझ्या मान्साला तरी सांगायचं व्हतंस," ती म्हणाली.

सगळ्यांना एकदम कळलं. केरूनाना गावाच्या बियासाठी नाही, मूठ-दोन मूठ दाण्यांसाठी गेला होता. हसणं जागच्या जागी थांबलं.

आत्या म्हणाली, "हौसा, सांगितलं असतं तर नानानं खाल्लं असतं का गं?"

हौसाकाकूने गोधडीवरून हात फिरवला. "न्हाई," ती म्हणाली. "खाल्लं नसतं. पन हसला असता. पोट धरून हसला असता. समद्या गावाला तू फसिवलंस, आन् त्याला बी. एवढी मोठी गंमत झाली आन् माझा मानूस ती न ऐकताच गेला."

असं म्हणतात की तेव्हा चिमाआत्या मटकन खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली, आणि हौसाकाकू तिच्या शेजारी बसून तिच्याच पदराने स्वतःचे डोळे पुसत राहिली.

पुढे एका वर्षी आभाळ फाटल्यासारखं उघडलं. सूर्य आला, जरा अशक्त, पण आला. गावाने गोधड्या उसवल्या आणि सगळ्यांचं बी माळावर एकत्र केलं. फक्त आत्याजवळ द्यायला काही नव्हतं. तिची गोधडी हंबीररावाबरोबर गेली होती.

पण ती गोधडी वाया गेली नव्हती. केरूनानाच्या कांजीसाठी उसवलेला कोपरा आत्याने घाईत टाचला होता. तो टाका हंबीररावाच्या वाटेवर सुटत गेला आणि दाणा दाणा गळत गेला. ऊन पडलं तसं खडकमाळापासून नदीपर्यंत घाटवाटेच्या कडेने ज्वारीची एक ओळ उगवली. असं म्हणतात की ती ओळ माणसाच्या उंचीची होती आणि एकेक कणीस हाताएवढं. कोठारातलं सगळं बी ओल लागून कुजलं होतं. तिथली भुकेली माणसं ती ओळ धरून वर आली, आणि सगळ्यांत पुढे नाक पुसत हंबीरराव होता. त्याच्या अंगावर रिकामी गोधडी होती. त्याने ती आत्याच्या पायाशी ठेवली. आत्या म्हणाली, "सायेब, तुमाला तर म्या खरं सांगितलं व्हतं." त्याला खडकमाळाने ठेवून घेतलं. त्याला मरेपर्यंत दर वर्षी उकिरडा उपसायचं काम दिलं होतं, एवढीच काय ती शिक्षा.

चिमाआत्या गेली तेव्हा तिच्या अंगावर तीच गोधडी घातली. तिला केरूनानाच्या शेजारी ठेवायचं ठरवलं हौसाकाकूने. आत्या असताना नानाला करमणुकीची वानवा पडणार नाही, असं ती म्हणाली.

आजही आमच्या गावात ज्वारीचं बी रांजणात ठेवत नाहीत. घरोघर गोधड्यांत शिवतात. गोधडी देणारी बाई घरात येऊन दार लोटते आणि कानात सांगते, "फकस्त तुला म्हून सांगते." घरात नवी सून आलेली असेल तर तिला ते खरं वाटतं आणि ती वर्षभर ताठ चालते. आम्ही तिला काही सांगत नाही.

आणि पेरणीच्या दिवशी सगळं गाव माळावर जमतं. गोधड्या उसवल्या जातात. मग गावातली सगळ्यांत म्हातारी बाई केरूनानाच्या मातीशी वाकते, दोन्ही हातांचा आडोसा करते आणि जमिनीला तोंड लावून म्हणते, "नाना, तुला म्हून सांगते. बी समद्यांच्याच गोधडीत व्हतं रं."

आणि सगळं गाव हसतं. पोट धरून, मोठ्याने, नानाला ऐकू जाईल इतकं हसतं. पोरं हसतात कारण हसायला मिळतं, म्हातारी माणसं हसता हसता डोळे पुसतात. हसू पुरतं ओसरलं की हौसाकाकूच्या घरातलं कुणीतरी पहिली मूठ टाकतं, आणि आमची पेरणी सुरू होते.